पाणी काचेसारखं दिसतंय, मग बदलायचं कशाला?

मागच्या अंकात हॉट टबच्या (जेटने गरम पाणी उसळवणारा, बसायचा टब) फिल्टरबद्दल एका वाचकाला चार ओळीत उत्तर दिलं होतं, की फिल्टरमधलं घड्यांचं काट्रिज दर आठवड्याला धुवा आणि पाणी वेळेवर बदला, बस. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. टेरेस फ्लॅटवाले, येऊरला बंगला असलेले, आणि हवा भरून फुगवायचा टब आणून सोसायटीच्या पार्किंगशेजारी मांडणारे पण आहेत, धन्य आहे. म्हणून या वेळी अख्खा कॉलम टबच्या पाण्याला.

प्रश्न: दादा, आमचा टेरेसवर अकराशे लिटरचा टब आहे. श्रावण लागला तेव्हा भरला, त्यानंतर पाणी बदललेलं नाही कारण गरजच वाटली नाही, तळ स्वच्छ दिसतो. रोज न चुकता डायक्लोरची पावडर टाकतो, पाणी तपासायची स्ट्रिप बुडवली की क्लोरीन ३ च्या वर दाखवते. पण मागच्या रविवारी मुलं बसली आणि मंगळवारी दोघांच्या पोटावर मांड्यांवर लाल पुळ्या, कॉस्च्युमखाली जास्तच. बायको म्हणते पाणी खराब झालंय, मी म्हणतो स्ट्रिप बघ. कोण बरोबर?
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: वहिनी बरोबर आहेत. आधी मुलांना डॉक्टरला दाखवा आणि टबमध्ये बसली होती हे आठवणीने सांगा, नाहीतर घामोळं म्हणून पावडर लिहून देतील. टबमध्ये बसल्यावर काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येणारा हा पुरळ बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा असतो, केसांच्या मुळाशी शिरतो, ओला कॉस्च्युम अंगाला चिकटून राहतो म्हणून तिथे जास्त उठतो. बऱ्याचदा आपोआप जातो पण निदान डॉक्टरला करू द्या, मी पाण्याचं सांगतो.

तुमची स्ट्रिप खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतेय. डायक्लोर म्हणजे नुसतं क्लोरीन नाही, त्याच्याबरोबर सायन्युरिक अॅसिड येतं, ज्याला दुकानदार स्टॅबिलायझर म्हणतात. उन्हात क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून स्विमिंग पूलमध्ये त्याचा उपयोग असतो. गोची अशी की क्लोरीन वापरलं जातं, उडतं, संपतं, आणि हे सायन्युरिक मात्र कुठेच जात नाही. डायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन टाकलंत की साधारण ९ पीपीएम सायन्युरिक मागे राहतं (पीपीएम म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे मिलिग्रॅम). रोज ३ पीपीएम धरलं तरी महिन्याला ८० च्या आसपास, आणि तुमचे श्रावणापासूनचे तीन महिने म्हणजे हिशोबाने दोनशेच्या वर गेलेलं असणार. एवढ्या सायन्युरिकमध्ये क्लोरीन बांधलं जातं, असतं पण कामाला येत नाही, जंतू मारायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतं. स्ट्रिपचा रंग मात्र छान येतो. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी तर हॉट टबमध्ये सायन्युरिकवालं क्लोरीन वापरूच नका असं स्पष्ट सांगते.

ही गोष्ट जरा घोळवून सांगतोय कारण खाली जेवढे प्रश्न आहेत ते फिरून फिरून इथेच येतात. टबमध्ये टाकलेलं बहुतेक काही बाहेर जात नाही. क्लोरीन जंतू मारतं, पण मेलेले जंतू, घाम, तेल, साबण, पावडरीतले क्षार सगळं तिथेच. पाणी वाफ होऊन जातं आणि आपण वरून नवीन पाणी घालतो, म्हणजे त्या नवीन पाण्यातले क्षार पण आतच साठणार. फिल्टर कचरा पकडतो, विरघळलेलं काही पकडत नाही. त्यामुळे पाणी पारदर्शक आहे का हा प्रश्नच चुकीचा, पाण्यात किती साठलंय हा खरा प्रश्न, आणि साठलेलं काढायचा घरच्याघरी एकच उपाय आहे, पाणी सोडून द्या.

आता काय करायचं. रिकामा करण्याआधी पाइपलाइन धुवायचं लिक्विड मिळतं ते टाकून, फिल्टर काढून ठेवून, जेट चालवा. आतल्या पाइपात बुळबुळीत थर बसलेला असतो आणि त्याच्या आड जंतू आरामात बसतात, म्हणून नुसतं पाणी बदलून चार दिवसांत परत तेच होतं. त्या वेळी वर जो तपकिरी फेस येतो तो बघून बसायची इच्छा जाईल, पण ते चांगलंच आहे, बाहेर आलं ना. मग पाणी सोडा, टब पुसा, काट्रिज नवीनच घाला. नवीन पाण्याला सुगंध न घातलेलं लिक्विड क्लोरीन वापरा, १० टक्केवालं असेल तर हजार लिटरला १० मिली म्हणजे १ पीपीएम. पण ते ताजं घ्या, आपल्याकडच्या गरमीत कॅनमधला दम भराभर उतरतो. आणि बसत नसाल तेव्हा झाकण कायम लावलेलं ठेवा, ऊन लागलं नाही तर स्टॅबिलायझर लागतो कशाला.

प्रश्न: पाणी कधी बदलायचं याचा काही सरळ हिशोब आहे का? कोणी म्हणतं महिन्याला, कोणी म्हणतं सहा महिन्यांनी. आम्ही दोघंच असतो पण शनिवार रविवार दिराचं कुटुंब येतं, मग सहा जण.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: आहे. टबचे लिटर भागिले १२, जे येईल त्याला रोज बसणाऱ्यांच्या संख्येने भागा, तेवढ्या दिवसांनी पाणी बदला. मूळ हिशोब अमेरिकन गॅलनमधला आहे (गॅलन भागिले ३), लिटरमध्ये आणताना मी थोडं कडक धरलंय. हजार लिटरचा टब, रोज दोघं, तर साधारण चाळीस दिवस. तुमच्याकडे सहा जण दोन दिवस म्हणजे आठवड्याला बारा बैठका, हजार लिटरला ८३ च्या आसपास बैठका चालतात, म्हणजे सात आठवडे. मधल्या दिवशी तुम्ही दोघं बसत असाल तर ते पण मिळवा, मग चार आठवड्यांच्या आतच येईल. कॅलेंडरवर टिक करत जा, दुधाचा हिशोब ठेवतो तसा.

हे झालं आधी अंघोळ करून बसणाऱ्यांचं. केसाला तेल, अंगाला सनस्क्रीन, जिमवरून थेट टबमध्ये, असं असेल तर त्यातले पंचवीस तीस टक्के दिवस सरळ कापा. आणि कोणी बसलंच नाही तरी तीन-चार महिन्यांवर एकच पाणी ठेवू नका.

दुसरा एक पुरावा तुमच्या घराजवळच असतो. आरओवाला येतो त्याच्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन असतं, तसं एक घेऊन ठेवा, स्वस्त असतं. भरल्या दिवशी आकडा लिहून ठेवा, त्याच्यावर १५०० चढले की बदला. मोरबे धरणाचं पाणी असेल तर सुरुवातीचा आकडा कमीच येईल, टँकरचं असेल तर काही सांगता येत नाही, म्हणून तर पहिल्या दिवशी मोजायचं. आणि आकडे काही म्हणोत, रोजच्यापेक्षा दुप्पट क्लोरीन लागायला लागलं, सकाळी टाकलेलं संध्याकाळी शून्य दाखवायला लागलं, की ते पाणी संपलं समजा. पावडरी ओतून त्याला जगवत बसण्यात नवीन पाण्यापेक्षा जास्त पैसे जातात.

प्रश्न: दादा हसू नका. दिवाळी आलीये आणि सासूबाईंच्या डोक्यात आहे की पहिल्या अंघोळीला सगळ्यांनी तेल उटणं लावून गरम टबातच बसायचं, एवढे पैसे घातलेत तर. मी नाही म्हटलं तर मीच वाईट. तुम्हीच लिहा म्हणजे मासिक दाखवते.
– एक सून, कोपरी

उत्तर: हसलो, माफ करा. काकू, तुमच्यासाठी लिहितोय. तेल लावून पाच जण टबमध्ये उतरले तर ते तेल क्लोरीन खाऊन टाकतं, वर तवंग येतो, पाण्याच्या रेषेला कडेने पिवळट चिकट पट्टा बसतो, काट्रिजच्या घड्या बंद होतात. उटण्यातली मुलतानी आणि चंदनाची भुकटी तर फिल्टरमध्ये गाळ होऊन बसते, पंपाला पाणी कमी मिळतं आणि हीटर ट्रिप होतो, मग ऐन पाडव्याला मेकॅनिक शोधत फिरा. शिकेकाई किंवा शाम्पू थोडा जरी उरला तरी जेट चालू केल्यावर फेस असा येतो की टब दिसत नाही. अभ्यंग बाथरूममध्ये, साबणाने तेल पूर्ण काढायचं, कारंट तिथेच फोडायचं, फराळ करायचा आणि मग सावकाश टबमध्ये. सगळी हौस होते.

अजून एक, पाणी ४० डिग्रीच्या वर नको आणि बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारूनच बसा, तेही दहा-पंधरा मिनिटं. गरोदर बाईने आणि पाच वर्षांखालच्या पोरांनी बसायचंच नाही, कितीही हट्ट केला तरी.

सूनबाई, तुम्हाला वेगळं सांगतो, एवढं करून कोणीतरी तेलकट उतरणारच. रात्री काट्रिज काढून होजपाइपने घडी घडी धुवा, प्रेशर वॉशर नको, कापड फाटतं. मग फिल्टर क्लीनरच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. पाइप धुवायची वेळ सोडली तर पंप काट्रिजशिवाय चालवायचा नाही, दुसरं काट्रिज घरात ठेवा म्हणजे ते घालून टब चालू राहतो. फेसाचं औषध म्हणून जे विकतात त्याने फेस तेवढा बसतो, साबण आतच राहतो. आणि कॉस्च्युम वॉशिंग मशीनमध्ये डिटर्जंट घालून धुता ना, तो पण फेस करतो, साध्या पाण्यात एकदा जास्त खळबळून काढा.

प्रश्न: टँकरच्या पाण्याने टब भरला, छान होतं. क्लोरीन टाकलं आणि अर्ध्या तासात पाणी चहासारखं! क्लोरीन खराब होतं का?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर: क्लोरीनने काम केलं, पाण्यात लोह होतं. टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं असतं, त्यात विरघळलेलं लोह दिसत नाही, क्लोरीनशी गाठ पडली की त्याचा गंज होतो आणि रंग येतो. अशा पाण्यात एकदम मोठा डोस मारायचा नाही, नाहीतर टबच्या अॅक्रिलिकवर डाग बसतो. भरतानाच नळीला सेडिमेंट आणि कार्बनचा फिल्टर लावा, धातू पकडून ठेवणारं लिक्विड मिळतं ते आधी टाका, पंप चालू ठेवा, मग क्लोरीन थोडं थोडं. आत्ताच्या पाण्यात लोह जास्त असेल तर ओतून द्या आणि महापालिकेच्या लाइनचं पाणी दोन-तीन रात्रीत हळूहळू भरा, शेजारच्यांचं पाणी न तोडता.

बोअरला दुसरी भानगड हार्डनेसची, म्हणजे पाणी किती जड, त्यात कॅल्शियमसारखे क्षार किती. टबला १५० ते २५० पीपीएम हार्डनेस ठीक, त्याच्या फार वर गेलं की हीटरवर पांढरा थर, जसा गीझरच्या कॉइलवर बसतो. उलट धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम फारच कमी निघालं तर पाणी फेसाळतं आणि धातूच्या भागांना खातं, तिथे कॅल्शियम क्लोराइड टाकावं लागतं. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांना दोन वेगळी औषधं लागू शकतात, त्यामुळे शेजाऱ्याने काय टाकलं ते विचारून टाकू नका.

प्रश्न: सोसायटीच्या टाकीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर टबला चालेल का? प्लंबरने आणून दिलीये.
– एक वाचक, वाशी

उत्तर: नको. त्यात क्लोरीन तिसरा हिस्सा, बाकी बराचसा चुना, पाणी गढूळ होणार, पीएच चढणार, तळाला साका. आणि फार महत्त्वाचं, ब्लीचिंग पावडर आणि पूलच्या गोळ्या (ट्रायक्लोर) एका डब्यात, एका चमच्याने, ओल्या मगात कधीच एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, आग लागते, स्फोट पण होतो. कुठलंही क्लोरीन आणि अॅसिड एकत्र आलं तर विषारी गॅस. पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. त्या तरंगत्या गोळ्या पण टबला नकोत, आम्ल असतात, जिथे टेकतील तिथला रंग उडवतात आणि वर सायन्युरिक देतातच.

प्रश्न: पीएच ८ झाला म्हणून अॅसिडची पावडर टाकते, ७.४ ला येतो, दोन दिवसांनी परत ८. किती वेळा टाकायचं? काही लीक आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: लीक नाही, तुमचे जेट करतायत. सोडा वॉटरची बाटली उघडून हलवली की गॅस निघून जातो आणि त्याची आंबूस चव जाते, टबमध्ये तेच चाललंय, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांबरोबर बाहेर पडतो आणि पीएच चढतो. आणि हा गॅस येतो कुठून, तर अल्कलिनिटीतून (पाण्यातले सोड्यासारखे, आम्ल पचवणारे क्षार). म्हणजे तुमची अल्कलिनिटी जास्त असणार, स्ट्रिपवर तो चौकोन बघा, १५०-१८० निघाला तर आश्चर्य नको. पुस्तकात ८० ते १२० लिहिलेलं असतं, माझ्या मते जेट खूप वापरणाऱ्यांनी ८० च्या आसपासच ठेवावी, शांत राहतं पाणी. उतरवायची पद्धत अशी, अॅसिड टाकून पीएच ७.२ पर्यंत आणा, मग हवेचे नॉब उघडे ठेवून जेट चालवा, पीएच आपोआप चढेल, परत अॅसिड. तीन-चार फेऱ्यांत अल्कलिनिटी खाली येते आणि मग पीएच बराच वेळ जागेवर राहतो. फार खाली गेली तर खाण्याचा सोडा, हजार लिटरला १७ ग्रॅम टाकला की १० ने चढते. बसून झाल्यावर जेटचे हवेचे नॉब बंद करत जा, बरेच जण उघडेच ठेवतात आणि फिल्टर फिरतो तेव्हा पण हवा ओढली जाते.

नेहमी आधी अल्कलिनिटी, मग पीएच, सगळ्यात शेवटी क्लोरीन. पीएचकडे दुर्लक्ष करू नका कारण ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या रूपात असतो, ८ ला गेलं की पाव भागाहून कमी. म्हणजे तेवढेच पैसे टाकून काम निम्म्यावर.

प्रश्न: आमच्या १४ व्या मजल्याच्या बाल्कनीत छोटा टब बसेल का? डीलर म्हणतो आरामात.
– एक वाचक, उलवे

उत्तर: डीलर टब विकतोय, बिल्डिंग नाही. ७० सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला ७०० किलो, टब आणि माणसं वेगळी. आपल्याकडच्या कोडप्रमाणे घरांच्या बाल्कनीला चौरस मीटरला साधारण ३०० किलोचा भार धरतात, गच्चीला त्याच्याही निम्मा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी आणि सोसायटीची परवानगी, दोन्ही हातात असल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.

प्रश्न: कर्जतला फार्महाऊस बुक करतोय, जकूझी आहे. पाणी चांगलं आहे हे कसं ओळखू? मित्र म्हणतो क्लोरीनचा वास आला म्हणजे बिनधास्त.
– एक वाचक, खारघर

उत्तर: मित्राचं उलटं आहे. नाकात जाणारा, डोळे झोंबवणारा वास चांगल्या क्लोरीनचा नसतो, घाम आणि लघवीशी मिसळून वापरलं गेलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे पाण्याला क्लोरीन कमी पडतंय. चांगल्या पाण्याला वास जवळजवळ नसतो. पाण्याच्या रेषेखाली कडेला बोट फिरवा, बुळबुळीत लागलं तर बसू नका. जेट बंद केल्यावर फेस लगेच बसायला हवा. आणि स्ट्रिपची डबी बॅगेत टाका, क्लोरीन किमान ३, क्लोरीनऐवजी ब्रोमिन वापरत असतील तर ते ४ ते ८, पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये. पाणी शेवटचं कधी बदललं ते केअरटेकरला विचारा, विकेंडला दोन दोन ग्रुप येत असतील आणि तो डोकं खाजवायला लागला तर गुपचूप नदीवर जा. झाकण उघडून जेट चालू असताना वाफेत तोंड घालून पण बसू नका, लेजिओनेला नावाचा जंतू पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो, वयस्कर माणसांना आणि सिगरेटवाल्यांना जास्त त्रास देतो.

प्रश्न: आमच्याकडे पाण्याचा शटडाऊन असतो त्या दिवशी लोक बादल्या भरून ठेवतात आणि आम्ही हजार लिटर गटारात सोडणार, बरं वाटत नाही. झाडांना घालू का?
– एक वाचक, माजिवडा

उत्तर: कुंडीला नको, तुळशीला तर अजिबात नको, क्लोरीन उतरलं तरी क्षार राहतात. पण पाणी वाया घालवायची पण गरज नाही. रिकामा करायच्या तीन-चार दिवस आधी क्लोरीन टाकणं बंद करा, बसणं पण बंद, झाकण दिवसा उघडं ठेवा, स्ट्रिप शून्य दाखवेल. मग पंपाने ड्रममध्ये भरा, फ्लशला, पार्किंग धुवायला, गच्ची धुवायला वापरा. पाइप धुवायचं लिक्विड टाकणार असाल तर आधी हे चांगलं पाणी काढून घ्या, जेट बुडतील एवढंच ठेवा आणि त्यातच ते चालवा.

उरलेलं पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडू नका, ते थेट नाल्यातून खाडीत जातं, आणि ठाणे खाडी २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, फ्लेमिंगो बघायला आपणच गर्दी करतो. सांडपाण्याच्या लाइनला सोडा. सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असेल तर ऑपरेटरला आधी सांगून, बारीक धार ठेवून, कारण तिथे जंतूच सगळं काम करतात आणि एकदम क्लोरीनचं पाणी गेलं तर ते मरतात.

आणि रिकामा करायच्या आधी टबचा मेन स्विच बंद करा, हीटर कोरडा चालला तर नवीनच घ्यावा लागतो. भरताना नळी टबमध्ये न सोडता फिल्टरच्या खड्ड्यात सोडा, म्हणजे पाइपात हवा अडकत नाही. शटडाऊनच्या आदल्या दिवशी मात्र भरू नका, सेक्रेटरी दारात येईल.